अर्ध्या प्रार्थनेची रेजीनबाय

मरोळच्या गावठाणात कुणाच्या घरी मयत झालं, कुणाची सून बाळंतपणाला अडली, कुणाचा मुलगा बोटीवर कामाला निघाला, की पहिला निरोप रेजीनबायकडे जायचा. "बाय, सांच्याला रोझरी हाय, तू ये." मग रेजीनबाय चौकटीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, काळ्या मण्यांची जपमाळ मुठीत धरून निघायची आणि थेट पुढे जाऊन बसायची. कुणी सरकून जागा देण्याची वाट ती पाहत नसे. आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडे चिंचेखाली पत्ते कुटणारेसुद्धा डाव थांबवायचे. अख्ख्या गावठाणात तिच्यासारखी भक्तीण नाही, असं सगळे म्हणायचे.

भक्ती होतीच, नाही असं नाही. पण पुढे बसण्याचं कारण ते नव्हतं.

रोझरीची रीत अशी, की पुढे बसणारा प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकटा म्हणतो आणि उरलेला अर्धा जमलेली माणसं एका सुरात म्हणतात. प्रभूची प्रार्थना तीत पाच वेळा येते, दर दहा मण्यांच्या आधी एकदा. तिच्यात पुढच्याच्या वाट्याला देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मागच्यांच्या वाट्याला रोजची भाकर आणि माफी. आमचं ज्यांनी वाईट केलं त्यांना आम्ही माफ करतो, तसं तू आम्हाला कर, अशा अर्थाची ती ओळ. पुढे बसलं की ती ओळ तोंडातून काढावी लागत नाही. रेजीनबाय बारा वर्षं पुढे बसली ती एवढ्यासाठी. हवी तर तिला लबाडी म्हणा. पण देवाशी खोटं बोलायचं नाही आणि देवाला सोडायचंही नाही, अशा पेचात सापडलेल्या बाईने दुसरं काय करावं, हे कुणी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं.

हे सुरू झालं एकसष्ट साली. तेव्हा मरोळच्या मागे टेकडीत दगडाची खाण चालू होती आणि रेजीनबायचा नवरा पास्कू तिथे फोडलेला दगड भरायच्या कामावर होता. रोज दुपारी साडेबाराला सुरुंग उडायचा. त्याआधी लाल बावटा हलवून तीनदा शिट्टी वाजवायची, माणसं आडोशाला गेली की मगच मुकादमाने वातीला बत्ती द्यायची, असा नियम. शिट्टीचं काम दुमिंगचं. हा दुमिंग पास्कूचा लहानपणापासूनचा दोस्त. पास्कूची मुलगी सिसील जन्मली तेव्हा बाप्तिस्म्याला तिचा धर्मबाप म्हणून हाच उभा राहिला होता. स्वतःचं लग्न केलं नाही. सिसीललाच खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शिट्टी वाजली नाही. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. पहिल्या कापणीच्या पेंढ्या देवळात नेऊन फादरकडून आशीर्वाद घ्यायचा आणि मगच नवा तांदूळ शिजवायचा. त्या दुपारी दुमिंग जागेवर नव्हता. मुकादमाला घाई होती. शिट्टीविना बत्ती दिली गेली आणि पास्कू दगडांच्या पायथ्याशी वाकलेला होता. रेजीनबायने आवाज घरातून ऐकला. रोजचाच आवाज तो, म्हणून तिने मान वर करूनही पाहिलं नाही. चुलीवरचा भात उतरवला, पेज गाळली. दहा मिनिटांनी माणसं धावत आली.

चौकशीत दुमिंगने एकच सांगितलं: "मी जाग्यावर नव्हतो." कुठे होतास, तर म्हणे, असाच गेलो होतो. गावाने ठरवलं, हा कुठेतरी चोरून ढोसत बसला असणार. तेव्हा दारूबंदी होती आणि कुणाहीबद्दल असं ठरवायला वेळ लागत नसे. लोक त्याच्या पायाशी थुंकले. तिसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन रेजीनबायच्या दारात आला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. त्यानंतर बारा वर्षांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पास्कूला पुरल्यावर घरी सात संध्याकाळ रोझरी झाली. पहिल्या संध्याकाळी रेजीनबाय बायकांमध्ये बसली होती. माफीची ओळ आली आणि तिचा गळाच मिटला. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. तिला भीती वाटली, की आता आपल्याला प्रार्थनाच येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुढे बसणाऱ्या म्हाताऱ्या बस्त्यावबाबाला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने त्याच्या हातातून माळ घेतली आणि स्वतः म्हणायला लागली. गळा मोकळा होता. नवरा जाऊन दोन दिवस झालेत आणि ही बाई पुढे बसून रोझरी चालवते, म्हणून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या अर्ध्या प्रार्थनेने तिला जगवलं, हेही खरंच. नंतरची कितीतरी वर्षं दुपारचे साडेबारा झाले की तिचे हात कापायला लागायचे. सुरुंग उडाला की ती हातातलं टाकून लहानग्या सिसीलला पोटाशी धरायची आणि टेबलाखाली जाऊन बसायची. पुढे खाण बंद पडली, टेकडीच्या अंगाला कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या, तरी साडेबारा काही बंद पडले नाहीत. कुणाच्या हातून हंडा पडला, कुठे फटाका वाजला, की हिच्या अंगाला घाम. मग तिने एक सवय लावून घेतली. सव्वाबाराला माळ हातात घ्यायची आणि मारियेची प्रार्थना म्हणत राहायची, एकेक मणी, एक वाजेपर्यंत. हात कापायचे, पण मण्यांवर कापायचे. दोनेक वर्षांनी ती टेबलाखाली बसायची बंद झाली. हे कुठल्या डॉक्टरने केलं नव्हतं आणि ती ते विसरणारी नव्हती.

तरी ओळ काही सुटली नाही. मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, लॅटिनमधून होती तोवर निभावलं; प्रार्थना फादर गायचे, लोकांना शेवटचे दोनचार शब्द. मग मिस्सा मराठीतून सुरू झाली आणि अख्खी प्रार्थना सगळ्यांनी म्हणायची ठरली. झाली पंचाईत. त्या ओळीच्या वेळेला रेजीनबाय रुमाल शोधायला लागली, सिसीलची वेणी नीट करायला लागली. पोरगी चौदा-पंधरा वर्षांची झाली तरी दर रविवारी नेमकी त्याच वेळी तिची वेणी सुटायची.

पोरगी काही आंधळी नव्हती.

त्र्याहत्तर साली सिसील वीस वर्षांची झाली. मरोळच्याच एका कारखान्यात रेडिओचे भाग जुळवायच्या कामाला लागली होती, आणि सहारच्या एका मुलाशी तिचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. सप्टेंबरात दोघी मायलेकी बांद्र्याच्या माउलीच्या जत्रेला जाऊन आल्या. अंधेरीला बसच्या रांगेत उभ्या असताना सिसील म्हणाली, "आय, लग्नात मला देवळात हात धरून कोण नेणार?"

"तुझा मामा."

"मामा मला नावाने ओळखतो का ते पण विचार. मला दुमिंगकाका पाहिजे. बाप नसला तर धर्मबापाने न्यायचं असतं."

रेजीनबाय बस येते का ते बघू लागली. बस आली, भरून गेली.

"तू नाही म्हणालीस तर मी त्याला विचारणार नाही," सिसील म्हणाली. "तुझ्याविरुद्ध नाही जाणार. पण मग मी एकटी चालत जाईन. आगेऱ्याला सहारची माणसं घरी येतील, त्याच्याआधी सांग मला. आणि आय, तू ती ओळ कधी म्हणत नाहीस ते मला सातवीपासून ठाऊक आहे."

रेजीनबायला राग आला. मग लाज वाटली. घरी येईपर्यंत दोन्ही मावळलं आणि मागे उरला तो एक हट्ट. तिच्या स्वभावात हट्ट भरपूर होता. आजवर तो न म्हणण्याच्या कामी लावला होता. आता म्हणण्याच्या कामी लावायचा, असं तिने ठरवलं. पोरीला एकटीला चालत जाऊ द्यायचं नाही. आगेऱ्याला चार आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी ती देवळाच्या ओसरीवर फादर बर्नाडना गाठून उभी राहिली. फादर वसईकडचे, नवे, वयाने तिच्यापेक्षा लहान.

"फादर, मनात नसताना प्रार्थना म्हटली तर ती खोटी ना?"

"कुठली प्रार्थना?"

तिने सांगितलं. फादर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"आधी म्हणा, मन मागून येईल," ते म्हणाले.

"नाय फादर. बारा वरसा मी देवासमोर गप ऱ्हायली, पन खोटा नाय बोलली. आता कशी बोलू?"

फादरनी मान डोलावली. "मग खरं असेल तेवढंच म्हणा. एक शब्द खरा असेल तर एक. देवाला घाई नाही."

रेजीनबायला हे पटलं. काम तुकड्यातुकड्यांनी करायची तिला सवय होती. भाताची लावणी दुसरी कशी होते? सात-आठ शब्दांची तर ओळ. गावठाणाच्या मधोमध दगडी क्रूस होता, त्याच्यापुढे दिवा लावायचं काम तिच्याकडेच असे. संध्याकाळी वात सारखी करून झाली की ती तिथेच गुडघे टेकायची आणि प्रार्थना सुरुवातीपासून म्हणायची. पहिले दोन दिवस फक्त पहिला शब्द. मग दुसरा. 'आम्ही' हा शब्द आला तेव्हा ती तीन दिवस अडली, कारण त्यात आपण आलो हे तिच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी म्हणाली. पाऊस पडला तर डोक्यावर गोणपाट घेऊन जायची. ताप आला तरी गेली.

घरातही तिचे ओठ हलत असायचे. वेसाव्याची सखुबाई कोळीण दर दिवसाआड मासळीची पाटी घेऊन तिच्या दारात उतरायची. नवरा समुद्राने नेलेली बाई, पंधरा वर्षांची ओळख. ती बघत होती.

"काय गं पुटपुटतंस? बोंबील मोजतंस का माझे?"

रेजीनबायने तिला सांगितलं. सखुबाईचा देव वेगळा, पण ऐकायला काही अडचण नव्हती.

"म्हंजे दुमिंगला माफी द्यायची हाय."

"व्हय."

"पास्कूसंगती किती वरसा संसार केलास तू?"

"नव."

"आनि या दुमिंगला डोक्यावर घेऊन बारा." सखुबाईने बोंबील सुपात टाकले. "मी बाय माझी पाटी दारादारात उतरवते तरी. घे, ताजे हायत."

रेजीनबायला हसू आलं आणि तिने ते दाबलं. पण तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा अडली, आणि या वेळी कायमची अडणार असं तिला वाटलं. पुढचा शब्द होता 'अपराधी'. त्या शब्दाशी पोचली की दुमिंगचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता. तो येत नव्हता. येत होती ती त्या शनिवारची सकाळ, आणि तिच्यातली एक गोष्ट जी तिने कुणाला सांगितली नव्हती. पापनिवेदनात फादरलाही नाही.

दर महिन्याला ती पापनिवेदन करायची. शेजारणीशी भांडले, कोंबडीला दगड मारला, सगळं सांगायची. या शुक्रवारी तिने जाळीपलीकडच्या फादरना कोंबडीचं काही सांगितलं नाही. म्हणाली, त्या दिवशी बाराला दुमिंग जेवून खाणीकडे निघाला होता. मी त्याला विहिरीपाशी थांबवलं. आगेऱ्याच्या पेंढ्या देवळात पोचवायच्या होत्या, मला भात चढवायचा होता. तो म्हणाला, उशीर होईल. मी म्हटलं, पाच मिनिटांनी काय डोंगर कोसळतो? आणि पेंढ्या त्याच्या डोक्यावर ठेवल्या.

तिने जाळीला कपाळ टेकलं.

"त्यानं चौकशीत माझा नाव नाय घेतला," ती म्हणाली. "मी पन नाय घेतला. लोक त्याच्यावर थुंकले ते मी दारातून बघितला. तो समोर आला की माना राग यायचा, फादर. पन आधी भ्या वाटायचा, की हा आता बोलंल."

फादर बर्नाडनी तिला पापक्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना सांगितल्या, आणि म्हणाले, "आणि हे ज्याचं आहे त्याला नेऊन द्या."

खाण सुटल्यापासून दुमिंग आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर कामाला होता. पहाटे जायचा, दिवेलागणीला यायचा, कुणात मिसळायचा नाही. दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, रेजीनबाय फुलं घेऊन दफनभूमीत जायची तेव्हा पास्कूच्या क्रुसाला ताजा चुना लावलेला असायचा. चुना कोण लावतो हे तिला ठाऊक होतं. तिने तो कधी पुसला नाही आणि कधी त्याबद्दल बोललीही नाही.

सोमवारी ती आरेच्या बसमध्ये बसली. बस झाडीतून वळणं घेत चालली होती आणि ही मुठीत माळ धरून बसली होती. गोठ्याशी उतरली तेव्हा दुमिंग रबरी नळीने म्हैस धूत होता. तिला बघितलं आणि त्याच्या हातातली नळी खाली गेली. पाणी त्याच्याच पायांवर पडत राहिलं. केस पांढरे झाले होते. इतक्या जवळून तिने ते पहिल्यांदा बघितले.

"दुमिंग, त्या दिशी पेंढ्या मी दिल्या तुझ्या डोक्यावर."

"ठावं हाय माना."

"तू सांगला का नाय?"

"काय सांगू? सिसीलचा बाप गेला व्हता. तिच्या आयला पन लोकांनी खाल्ली असती." त्याने नळ बंद केला. "आठ वरसांची पोर. कोनाकडं गेली असती ती?"

रेजीनबायने पदर तोंडाला लावला आणि तिथेच, शेणाच्या ओल्या फरशीवर बसून, बारा वर्षांत रडली नव्हती तशी रडली. "माना माफ कर," म्हणाली. एवढं सांगून निघायचं आणि बस पकडायची, असं ती ठरवून आली होती.

पण दुमिंग म्हणाला, "थांब. माझा पन ऐक. माना वाटला तुना ठावं हाय." तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, तिच्याकडे न बघता. "पेंढ्या ठेवून मी लगेच निघालो असतो तर वेलेवर पोचलो असतो. बारा वाजून पाच झाल्ती. देवलात पोरी फुलांची कमान बांधीत व्हत्या. त्यांचा हात पोचना, मी वर चढून दोरी बांधून दिली. मंग त्यांनी पानी दिला, पानी प्यालो. हसलो, मस्करी केली. त्या पोरींना मंग मीच गप बसवला. शिट्टी माझ्या खिशात व्हती, रेजीन. सुरुंग उडाला तो मी कमानीखाली ऐकला."

रेजीनबाय उठली. बारा वर्षं मनात धरलेला राग खोटा, असं समजून ती माफी मागायला आली होती, आणि आता हातात खरा राग आला होता. हसत होता. पास्कू वाकून दगड भरत होता आणि हा हसत होता. "जाते," एवढंच ती म्हणाली. बसची वाट न बघता झाडीतल्या रस्त्याने मरोळपर्यंत चालत आली. चप्पल तुटली ती हातात घेतली.

त्या संध्याकाळी ऑक्टोबरची, म्हणजे रोझरीच्या महिन्याची, पहिली रोझरी क्रुसापाशी होती. ती नेहमीसारखी पुढे बसली आणि नेहमीसारखा अर्धा भाग म्हणाली. मंगळवार, बुधवार, गुरुवार तसेच गेले. वात सारखी करून ती गुडघे टेकायची, पण तोंडातून काही निघत नसे. मात्र आता एक गोष्ट निराळी होती, आणि तिला ती कळत होती. आधी ती ओळ म्हणण्यासारखी नव्हतीच. माफ करायचं ते काय, हेच तिने कधी नीट बघितलं नव्हतं. आता माफ करायला एक गोष्ट समोर होती: एक माणूस, एक दोरी, एक पेलाभर पाणी, थोडं हसू. तिला स्वतःचं विहिरीपाशी उभं राहणंही आठवलं. तीही हसलीच होती, डोंगर कोसळतो का म्हणून.

शुक्रवारी तिने भाकऱ्या थापता थापता सिसीलला सगळं सांगितलं. विहीर, पेंढ्या, कमान, सगळं. सिसीलने परातीतलं पीठ सारखं केलं.

"म्हणजे काकाशी बोलत नव्हतीस ते रागाने, की तो सांगेल या भीतीने?"

"दोन्ही."

"आता?"

"आता नुसता राग हाय. बरा हाय तो, एकटाच हाय." तिने भाकरी उलटली. "उद्या रोझरीला तू पुढं बसायचा."

शनिवारी क्रुसापुढची रोझरी रेजीनबायच्या घरची होती. ज्याची पाळी असेल त्याने शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे, म्हणून तिने दुपारीच मोठं पातेलं चढवलं होतं. गाव जमलं. सिसील पुढे जाऊन बसली आणि तिने माळ हातात घेतली तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रेजीनबायचा आवाज बसला की काय? तिचा आवाज ठणठणीत होता. ती गर्दीच्या मधून मागे चालत गेली, अगदी मागे, गटाराच्या काठाशी, जिथे दुमिंग नेहमी आंब्याला टेकून एकटा उभा राहायचा. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो बाजूला सरकू लागला. "हल नको," ती म्हणाली.

सिसीलने पहिला अर्धा भाग म्हटला. मग सगळ्यांनी भाकर मागितली. आणि माफीची ओळ आली.

रेजीनबायच्या मनात राग होता. तो गेलेला नव्हता आणि गेला असं ती देवाला सांगणारही नव्हती. पण माफ करायचं हे तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं तर खरं होतं. तिने ओळ म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. हळू आवाज तिला देवाने दिलेलाच नव्हता, त्यामुळे पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. गळा मिटला नाही.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की उजव्या बाजूने आवाज आला नाही.

दुसऱ्या दहा मण्यांच्या आधी तिने कान दिला. दुमिंगने भाकर मागितली, आणि त्या ओळीपाशी गप्प झाला. ओळ गेल्यावर पुन्हा म्हणायला लागला. तिसऱ्या वेळीही तसंच. बारा वर्षं हा इथे मागे आंब्याखाली उभा राहत होता आणि बारा वर्षं त्याने ती ओळ म्हटली नव्हती. ती पुढे बसून चुकवत होती, हा मागे उभा राहून. आपल्या गप्पपणाच्या भरात तिने त्याचा गप्पपणा ऐकलाच नव्हता. तिला त्याची इतकी दया आली, की तिला जागा करून द्यायला रागाला अंमळ सरकावं लागलं.

"कोनाला माफ करायला नको तुना?" तिने त्याच्याकडे झुकून विचारलं. "मुकादमाला?"

दुमिंगने नकारार्थी मान हलवली. मग छातीवर बोट ठेवलं, स्वतःच्याच.

चौथ्या वेळी ती ओळ एकटीच म्हणाली, त्याच्याकडे बघत. तो ओठ चावत होता. पुढे सिसीलचे मणी सरत होते. पाचवी प्रार्थना सुरू झाली तशी रेजीनबायने कोपराने त्याला ढोसलं.

"म्हन, दुमिंग. आज पुन्हा यायची नाय ती."

तो म्हणाला. आवाज फुटका, शब्द अडखळत, एकदा तर मधेच थांबला, तेव्हा ती पण थांबली आणि दोघं मिळून पुढे गेली. बाकीचे कधीच ओळ संपवून बसले होते. सिसील माळ धरून पुढे वाट बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पुढची प्रार्थना त्या दोघांचं होईपर्यंत सुरूही केली नाही.

रोझरी झाल्यावर रेजीनबायने चण्याचं पातेलं उचललं आणि वाटायला सुरुवात मागून केली. दुमिंगने ओंजळ पुढे केली, तीत तिने दोन मुठी चणे घातले.

"सिसील तुना काय ते विचारंल. हो म्हन," ती म्हणाली. "आनि उद्या आगेरा हाय. पेंढ्या देवलात न्यायच्यात. सकाली सहाला ये, आपन दोघा नेऊ."

दुमिंग पावणेसहालाच दारात हजर होता, टोपी हातात घेऊन. रेजीनबायने दार उघडलं. पेंढीचा अर्धा भार त्याच्या डोक्यावर ठेवला, अर्धा आपल्या, आणि विहिरीवरून, खाणीच्या जुन्या वाटेने, दोघं देवळाकडे चालू लागली.